निरोपाचा अल्बम: पिंक फ्लॉइड आणि ‘द एन्डलेस रिव्हर’



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, मोहिमा आणि सीमाप्रश्न यांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. एका ब्रिटिश रॉक बँडनं स्वतःचा निरोप कसा घेतला, त्याचा हा इतिहास. बँडचं नाव पिंक फ्लॉइड. अल्बमचं नाव ‘द एन्डलेस रिव्हर’. तो नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, तेव्हाच बँडनं सांगितलं होतं की हा आपला शेवटचा अल्बम. त्यात एकूण १८ तुकडे आहेत आणि त्यांतल्या फक्त एकाच तुकड्यात गाणं गायलेलं आहे. बाकी सगळं वाद्यसंगीत.

फौजी माणसानं यावर का बोलावं? एक तर आमच्या पिढीच्या अनेक कॅडेट्सनी आणि तरुण अधिकाऱ्यांनी हे संगीत ऐकलेलं आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना कॅसेटवरून कॅसेट उतरवून आम्ही ते ऐकायचो. पुढे शिलाँगला पोस्टिंग झाली, तिथली मुलं तर गिटारवर ही गाणी सहज वाजवायची. पण खरं कारण दुसरं आहे. चार-पाच माणसं अनेक वर्षं एकत्र काम करतात, त्यांतला एखादा मागे पडतो, एखाद्याला काढून टाकलं जातं, आणि मग पुढे इतिहास लिहिताना श्रेय कोणाला द्यायचं हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न पलटणीतही असतो. पिंक फ्लॉइडच्या बाबतीत तो करारांमध्ये, कोर्टकचेरीत आणि जुन्या टेपांमध्ये नोंदला गेलेला आहे. त्यामुळे तो नीट तपासता येतो.

सुरुवात आणि पहिला मागे राहिलेला माणूस

रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघं १९६२ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकत होते. तिथे त्यांनी एकत्र वाजवायला सुरुवात केली. वॉटर्स बास गिटार वाजवायचा, मेसन ड्रम्स आणि राइट कीबोर्ड. पुढे केंब्रिजचा सिड बॅरेट आला. तो गिटार वाजवायचा, गायचा आणि गाणी लिहायचा. १९६५ मध्ये त्यानंच बँडला नाव दिलं. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज वादकांच्या नावांतून ते घेतलेलं आहे.

डिसेंबर १९६६ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर एका तळघरात ‘यूएफओ’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथे हा बँड प्रसिद्ध झाला. वादकांच्या अंगावर रंगीत प्रकाश सोडलेला असायचा, गाणं तीन मिनिटांत संपण्याऐवजी दहा, पंधरा मिनिटं चालायचं. यालाच सायकेडेलिक रॉक म्हणू लागले. एलएसडीसारख्या मादक द्रव्यांचा त्या काळातल्या तरुणांवर मोठा प्रभाव होता आणि तिथूनच हा शब्द संगीतात आला. १९६७ च्या पहिल्या अल्बममध्ये ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ नावाचा जवळजवळ दहा मिनिटांचा तुकडा आहे. त्यात एकही शब्द नाही. म्हणजे शब्दाविना वाजवणं या बँडच्या स्वभावात पहिल्यापासून होतं.

पण त्याच द्रव्यांच्या अतिसेवनानं आणि मानसिक आजारानं बॅरेट ढासळला. स्टेजवर तो गिटार हातात घेऊन नुसता उभा राहू लागला. डेव्हिड गिलमूर या त्याच्या केंब्रिजच्या मित्राला बँडमध्ये घेतलं. मग जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला जाताना गाडीतल्या मंडळींनी ठरवलं की आज सिडला घ्यायला नको. त्या दिवसानंतर ते त्याला घ्यायला गेले नाहीत. एप्रिलमध्ये त्याचं बँड सोडणं जाहीर झालं.

फौजेत आम्हाला शिकवलेलं असतं की साथीदाराला मागे सोडायचं नाही. ही मुलं विशी-पंचविशीची होती, समोर आजारी मित्र होता आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही, हे त्यांच्या पुढच्या संगीतावरून दिसतं.

साथीदार राइट

आता ज्याच्यासाठी हा शेवटचा अल्बम निघाला, त्या रिचर्ड राइटकडे येऊ.

आपल्याकडच्या मैफिलीत गायकाच्या मागे हार्मोनियमवाला बसतो. गायकानं जागा घेतली की तो तिला आधार देतो, श्वास घेतला की मधली पोकळी भरतो. श्रोत्यांचं लक्ष त्याच्याकडे क्वचित जातं, पण तो नसला तर गाणं उघडं पडतं. पिंक फ्लॉइडमध्ये राइटचं काम जवळपास असंच होतं. तो फार्फिसा आणि हॅमंड हे ऑर्गन, पियानो आणि पुढे सिंथेसायझर वाजवायचा. फार बोलायचा नाही. मुलाखतीत वॉटर्स आणि गिलमूर पुढे असायचे.

१९७१ च्या ‘मेडल’ अल्बमवर ‘एकोज’ नावाचा तेवीस मिनिटांचा तुकडा आहे. त्याची सुरुवात एका एकट्या स्वरानं होते, पाणबुडीतल्या सोनारच्या आवाजासारख्या. तो राइटचा पियानो आहे, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीत पाँपेईच्या प्राचीन रोमन रंगमंडलात, समोर एकही प्रेक्षक नसताना, त्यांनी हे वाजवलं आणि त्याचं चित्रीकरण झालं.

१ मार्च १९७३ रोजी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ निघाला. हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत आजवर नऊशेहून अधिक आठवडे राहिलेला आहे. त्यातल्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ची स्वररचना राइटची. त्यात क्लेअर टोरी या गायिकेनं शब्दांशिवाय, केवळ आवाजानं मृत्यूविषयीची तळमळ व्यक्त केली. त्या कामाचे तिला तेव्हा ३० पौंड मिळाले होते. पुढे तिनं दावा केला आणि २००५ मध्ये तडजोड होऊन रचनेच्या श्रेयात तिचं नाव आलं. ‘अस अँड देम’ची मूळ चालही राइटचीच. आंतोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी ती केली होती, पण दिग्दर्शकानं वापरली नाही.

मग १९७५. ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमचं काम लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत चालू होतं. त्यातला ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हा नऊ भागांचा मोठा तुकडा सिड बॅरेटवर होता. सुरुवातीची आठ मिनिटं तर शब्द येतच नाहीत. ५ जून रोजी स्टुडिओत एक जाड, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस येऊन उभा राहिला. काही वेळ कोणीच त्याला ओळखलं नाही. तो सिड होता.

या तुकड्याचा नववा भाग एकट्या राइटचा आहे. तो विरत जात असताना राइट अगदी हळू आवाजात ‘सी एमिली प्ले’ या सिडच्या जुन्या गाण्याची धून वाजवतो. कान देऊन ऐकलं तरच ती कळते. मागे सोडलेल्या मित्राला त्या मोठ्या रचनेच्या शेवटी जागा करून दिली, ती राइटनं. हे लक्षात ठेवा, कारण चार वर्षांनी त्याच्यावरच तशी वेळ आली.

दुसरा मागे राहिलेला माणूस

१९७९ मध्ये ‘द वॉल’ अल्बमचं काम चालू होतं. बँडनं गुंतवणुकीत मोठे पैसे गमावले होते. करामुळे सगळे ब्रिटनबाहेर राहत होते. कंपनीनं तारीख ठरवून दिली होती. त्या वेळी राइटचं वैवाहिक आयुष्य बिघडलेलं होतं आणि त्याच्याकडून कामात काही येत नाही अशी वॉटर्सची तक्रार होती. सुट्टी अर्धवट टाकून रेकॉर्डिंगला यायला राइटनं नकार दिला. वॉटर्सनं निर्वाणीचा निरोप पाठवला आणि अल्बम पूर्ण करून राइट बँडमधून बाहेर पडला. संस्थापकांपैकी एक असलेला हा माणूस १९८०-८१ च्या ‘वॉल’च्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून बसला. स्टेजवर प्रचंड भिंत उभारायची, मग ती पाडायची, असा तो खर्चिक प्रयोग. त्यात मालकांना तोटा झाला. ज्याचा पगार ठरलेला होता त्या राइटलाच काय ते पैसे सुटले!

मार्च १९८३ मध्ये ‘द फायनल कट’ आला. नावातच ‘अंतिम’ हा शब्द आहे, आणि चौघांपैकी राइट त्यात नाही. हा अल्बम जवळजवळ पूर्णपणे वॉटर्सचा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण त्याचा संबंध थेट फौजेशी आहे.

वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स शिक्षक होते. युद्धाच्या सुरुवातीला त्यांनी शस्त्र हाती घ्यायला तत्त्व म्हणून नकार दिला आणि लंडनवर बाँब पडत असताना रुग्णवाहिका चालवली. पुढे त्यांचं मत बदललं, ते सैन्यात आले आणि रॉयल फ्युसिलिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत अँझिओच्या लढाईत ते पडले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. मृतदेह सापडला नाही. इटलीत कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशा राष्ट्रकुलातल्या सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत त्यांचं नाव आहे.

त्याच स्मारकावर आणखी एक नाव आहे. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी पलटण. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातला हा बावीस वर्षांचा जवान. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्याच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला. जवळचे सगळे पडले. घाडगे एकटा पुढे धावला, ग्रेनेड टाकला, टॉमीगननं एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘द फायनल कट’ ऐकताना मला ही दोन नावं एकत्र आठवतात. एका घरातल्या मुलानं मोठेपणी वडिलांसाठी अल्बम केला. आपल्या खेड्यापाड्यांतल्या किती घरांत तेवढंही शक्य झालं नाही.

वॉटर्सनं तो अल्बम वडिलांना अर्पण केला. १९८२ चं फॉकलंड युद्ध नुकतंच झालं होतं आणि त्याचा राग त्यात भरलेला आहे. त्याच्या राजकीय मतांशी मी सगळीकडे सहमत नाही. पण युद्धात बाप गमावलेल्या मुलाला युद्धाबद्दल बोलायचा अधिकार आहे, आणि तो गणवेशातल्या माणसानं आधी मान्य केला पाहिजे. माझं म्हणणं अल्बमच्या दुसऱ्या बाजूबद्दल आहे. तो निरोप होऊ शकला नाही, कारण त्यात एकच माणूस बोलत होता. शब्द भरपूर आहेत. बँड मात्र ऐकू येत नाही.

भांडण आणि परत येणं

डिसेंबर १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला. त्याच्या मते बँड संपला होता आणि ते नाव कोणी वापरू नये. १९८६ मध्ये प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. गिलमूर आणि मेसन नाव सोडायला तयार नव्हते. डिसेंबर १९८७ मध्ये तडजोड झाली, तीही थेम्स नदीवरच्या ‘अस्टोरिया’ या गिलमूरच्या हाऊसबोटीवर. तिथे त्याचा स्टुडिओ होता.

त्याच वर्षी आलेल्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’मध्ये राइट परतला, पण पुन्हा पगारी वादक म्हणूनच. बँडचे सभासद म्हणून नावं फक्त गिलमूर आणि मेसनची होती.

खरा बदल १९९३ मध्ये झाला. जानेवारीत गिलमूर, मेसन आणि राइट लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत बसले आणि काही न ठरवता नुसतं वाजवू लागले. एकानं धागा टाकायचा, दुसऱ्यानं उचलायचा. आपल्याकडे दोन वादक जुगलबंदीआधी एकमेकांचा अंदाज घेतात, तसं. टेप चालू ठेवलेल्या होत्या. त्यातून मार्च १९९४ मध्ये ‘द डिव्हिजन बेल’ निघाला. त्यात पाच रचनांच्या श्रेयात राइटचं नाव आहे आणि एका गाण्यात मुख्य आवाजही त्याचा. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. तो बँडचा शेवटचा दौरा ठरला, पण त्या रात्री हे कोणी जाहीर केलं नव्हतं.

२ जुलै २००५ रोजी हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह एट’ या मदत कार्यक्रमासाठी वॉटर्ससह चौघं एकत्र आले. २४ वर्षांनंतर पहिल्यांदा. त्यानंतर मोठ्या दौऱ्याच्या मागण्या आल्या, गिलमूरनं नाही म्हटलं. जुलै २००६ मध्ये सिड बॅरेट गेला. मे २००७ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्याच्या स्मृतीचा कार्यक्रम झाला आणि तिथे गिलमूर, मेसन व राइट यांनी सिडचं ‘अर्नोल्ड लेन’ वाजवलं. हे तिघं एकत्र वाजवण्याची ती शेवटची वेळ. १५ सप्टेंबर २००८ रोजी राइट कर्करोगानं गेला. वय ६५.

टेपांमधला माणूस

१९९३ मध्ये वाजवलेलं सगळं काही ‘द डिव्हिजन बेल’मध्ये गेलं नव्हतं. ध्वनिअभियंता अँडी जॅक्सन यानं त्याच वेळी उरलेल्या भागांतून एक लांब संथ रचना जोडून पाहिली होती, ती प्रसिद्ध झाली नाही. राइट गेल्यानंतर काही वर्षांनी गिलमूर आणि मेसन त्या टेपांकडे परतले. फिल मँझानेरा हा रॉक्सी म्युझिकचा गिटारवादक, गिलमूरचा जुना सहकारी. त्यानं सुमारे वीस तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून काढलं आणि त्याची चार भागांत मांडणी केली. मग यूथ या नावानं ओळखला जाणारा निर्माता मार्टिन ग्लोव्हर आणि जॅक्सन कामाला लागले. गिलमूरनं नवी गिटार भरली, मेसननं ड्रम्स. राइटचं वादन मात्र होतं तेच. ते आता पुन्हा करून घेता येणार नव्हतं.

५ जुलै २०१४ रोजी गिलमूरची पत्नी, लेखिका पॉली सॅमसन हिनं ट्विटरवर दोन ओळींत बातमी दिली, आणि हा राइटचा निरोप आहे हेही त्यातच सांगितलं.

अल्बमची सुरुवात वाद्यांनी नाही, माणसांच्या बोलण्यानं होते. जुन्या ध्वनिमुद्रणातले त्या तिघांचे आवाज आहेत. राइट म्हणतो, आमच्यात न बोलता एकमेकांना समजून घेणं आहे, पण पुष्कळ गोष्टी बोलायच्या राहूनही गेल्या आहेत. त्या तुकड्याचं नावच ‘थिंग्ज लेफ्ट अनसेड’. मग स्वर सुरू होतात. ‘इट्स व्हॉट वी डू’ ऐकताना १९७५ चा ‘शाइन ऑन’ आठवतो. ‘स्किन्स’मध्ये मेसनचे ड्रम्स पुढे येतात. ‘अनिसिना’ हा शब्द तुर्की आहे, अर्थ ‘च्या स्मरणार्थ’.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘ऑटम ’६८’. जून १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँडचा कार्यक्रम होता. त्या दिवशी राइटनं तिथल्या प्रचंड पाइप ऑर्गनवर हात फिरवला होता आणि ते ध्वनिमुद्रित झालेलं होतं. पंचेचाळीस वर्षांनी ते या अल्बममध्ये घातलं. नाव राइटच्याच ‘समर ’६८’ या १९७० च्या गाण्यावरून. म्हणजे २५ वर्षांचा राइट आणि पन्नाशीचा राइट एकाच अल्बममध्ये वाजवत आहेत, आणि जिवंत राहिलेले दोघं त्याला साथ करत आहेत. आयुष्यभर ज्यानं साथ केली, त्याच्या मागे आता बाकीचे बसले आहेत.

अल्बमच्या शेवटी एकच गायलेलं गाणं आहे, ‘लाउडर दॅन वर्ड्स’. शब्द पॉली सॅमसनचे. ‘लाइव्ह एट’च्या तालमीत तिनं पाहिलं होतं की हे लोक एकमेकांशी धड बोलत नाहीत, पण वाजवायला लागले की सगळं कळतं. त्यावरून ते सुचलं. मुखपृष्ठावर ढगांच्या समुद्रातून एक माणूस नाव वल्हवत निघाला आहे. ते चित्र अहमद इमाद एल्दिन या अठरा वर्षांच्या इजिप्शियन मुलाचं. बँडची जुनी मुखपृष्ठं करणारा स्टॉर्म थॉर्गरसन २०१३ मध्येच गेला होता.

हा निरोप खरा का वाटतो

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांची मतं मात्र विभागली गेली. काहींनी याला उरलंसुरलं म्हटलं. वॉटर्सनं जाहीर केलं की आपला याच्याशी काही संबंध नाही.

टीकेत तथ्य आहे. ‘एकोज’ची झेप इथे नाही. काही तुकडे सुरू होतात आणि कुठे पोचायच्या आधी संपतात. गाण्याच्या अपेक्षेनं ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ शकतो. पण या अल्बमकडे मी नव्या मोहिमेसारखं पाहत नाही. आपल्या मैफिलीत शेवटी भैरवी होते. भैरवीत गायक नवं काही सिद्ध करायला जात नाही. झालं ते एकवार आठवायचं आणि लोकांना घरी जाऊ द्यायचं. या अल्बमचं काम तेच आहे.

आणि शब्द नाहीत हेही मला योग्य वाटतं. फौजेत शहिदाला निरोप देताना भाषण नसतं. शस्त्रं उलटी धरली जातात आणि बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. मग शांतता. मी अनेकदा त्या रांगेत उभा राहिलो आहे. त्या वेळी कोणी चार वाक्यं बोललं असतं तर ती खोटी वाटली असती, कारण गेलेल्या माणसाशी प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. कोणी त्याला कधी रागावलेलं असतं, कोणी त्याची रजा नाकारलेली असते. बिगुलात ते सगळं मावतं.

आमच्या पलटणीत एक सिग्नल हवालदार होता. बोलणं कमी, काम चोख. एका चौकीवर हिवाळाभर रात्री संपर्क तुटू दिला नाही तो त्यानं. पुढे रेझिंग डेसाठी पलटणीचा इतिहास छापला, त्यात त्याचं नाव फक्त यादीत आलं. तो गेल्यानंतर जुन्या कागदांत त्याच्या हातची संदेशवही सापडली, तारीखवार, मिनिटवार. त्या वर्षीच्या कार्यक्रमात ती वही मेसमध्ये टेबलावर ठेवली. लोक येऊन पानं उलटून पाहत होते. त्याची बायको आली होती. ती बराच वेळ त्या अक्षरावरून बोट फिरवत उभी होती. छापील इतिहास तसाच राहिला, पण त्या दिवसापासून पलटणीत त्या हिवाळ्याची गोष्ट निघाली की त्याचं नाव आधी येतं.

राइटच्या टेपा मला त्या वहीसारख्या वाटतात. आता कोणी विचारेल, माणूस गेल्यावर दिलेल्या मानाचा त्याला काय उपयोग? त्याला नाहीच. १९७९ मध्ये झालं ते २०१४ च्या अल्बमनं पुसलं जात नाही. पण मागे उरलेल्यांनी हिशेब चुकता केला की नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे. या बँडनं दोन माणसं मागे सोडली. सिडसाठी ‘शाइन ऑन’ झालं, राइटसाठी ‘द एन्डलेस रिव्हर’. १९८३ चा निरोप एका माणसानं घोषित केला आणि तो टिकला नाही. २०१४ चा निरोप जो गेला होता त्याच्या वादनाभोवती बांधला, म्हणून तो निरोप वाटतो.

निरोपानंतर

तरीही गोष्ट तिथे संपली नाही. ८ एप्रिल २०२२ रोजी पिंक फ्लॉइडच्या नावानं एक नवं गाणं आलं, ‘हे हे राइज अप’. युक्रेनचा गायक आंद्रिय ख्लिवन्युक आपला दौरा सोडून मातृभूमीच्या संरक्षणदलात दाखल झाला होता. कीव्हच्या चौकात, गणवेशात, हातात रायफल घेऊन त्यानं जुनं देशभक्तिपर गीत एकट्यानं गायलं. ते ऐकून गिलमूर आणि मेसन यांनी त्याच्या आवाजाभोवती संगीत रचलं. उत्पन्न युक्रेनमधल्या मदतकार्याला दिलं. कीबोर्डवर, म्हणजे राइटच्या जागी, नितीन सोनी हा भारतीय आईबापांचा ब्रिटिश संगीतकार होता.

काहींनी म्हटलं, निरोप घेतला होता ना, मग हे कशाला? मला त्यात विरोध दिसत नाही. आम्ही निवृत्त लोक गणवेश उतरवतो, पण गरज पडली तर जुना माणूस जमेल तेवढं काम करायला पुढे येतो. ते एक गाणं होतं, अल्बम नव्हता. त्या अर्थानं ‘द एन्डलेस रिव्हर’ अजून तरी या बँडचा शेवटचा अल्बम आहे.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे तुम्ही हे वाचत असाल, तिथे एक करून पाहा. आधी ‘एकोज’ची पहिली दोन मिनिटं ऐका. मग ‘शाइन ऑन’च्या नवव्या भागाचा शेवट, आवाज वाढवून. मग ‘ऑटम ’६८’. तिन्हीकडे तोच हात आहे. नाव रिचर्ड राइट.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू. इटलीतल्या मोहिमेत मराठा पलटणींनी काय केलं, त्यावर बोलायचं आहे.

जय हिंद.